लॉर्ड कर्झन आणि फुटलेले गुपित

लॉर्ड कर्झनचे नाव निघाले की बंगालची फाळणी आठवते. शाळेच्या पुस्तकात तेवढेच असते. पण आपण मराठी माणसे ज्या ज्या संस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, त्या बहुतेक ठिकाणी या गृहस्थाने काही ना काही करून ठेवले आहे. आपल्या इंदूरचे शिवाजीराव होळकर ३१ जानेवारी १९०३ रोजी गादीवरून उतरले आणि बारा वर्षांचे तुकोजीराव गादीवर बसले, ते कर्झनच्याच कारकिर्दीत. शिवाजीरावांचे उरलेले दिवस बडवाहला गेले. १९०० साली, संस्थानिकांनी सरकारच्या परवानगीवाचून परदेशी जाऊ नये असे परिपत्रक निघाले. त्याचा रोख बडोद्याच्या सयाजीरावांवर आहे असेच तेव्हा सगळे समजले. १९०२ साली निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर इंग्रजांनी लिहून घेतला, तोही याच्याच आग्रहाने.

आज मात्र आम्हाला यातले काही सांगायचे नाही. कर्झन हिंदुस्थानातून गेल्यावर वीस वर्षे जगला, आणि त्या वर्षांत त्याच्या हातून एक गोष्ट घडली. राज्यकर्त्यांच्या हाती लष्करी मोलाचे गुपित पडले की त्याचे काय होते, हे समजून घ्यायला तिच्याइतके चांगले प्रकरण आम्हाला दुसरे सापडलेले नाही. गंमत अशी की गुपिताची किंमत कर्झनइतकी जाणणारा मंत्री त्या काळी इंग्लंडात दुसरा नव्हता.

जॉर्ज नॅथॅनियल कर्झनचा जन्म ११ जानेवारी १८५९ रोजी डर्बीशायरमधल्या केडलस्टन या वाड्यात झाला. घराणे जुने, जमीनदारी मोठी. ईटन आणि मग ऑक्सफर्डचे बॅलिऑल. विद्यार्थिदशेतच पाठीच्या कण्याचे दुखणे जडले आणि पुढे जन्मभर अंगाला लोखंडी पट्ट्यांचा कमरबंद आवळून तो वावरला. त्याची ताठ चाल लोकांना गर्वाची वाटे. गर्व होताच, पण त्यात कमरबंदाचाही वाटा होता. अशा शरीराने त्याने मध्य आशिया, इराण, पामीर, अफगाणिस्तान पालथे घातले. रशियाने कास्पियन समुद्रापलीकडे नुकतीच टाकलेली रेल्वे त्याने १८८८ साली स्वतः प्रवास करून पाहिली. इराणवर त्याने लिहिलेला दोन खंडांचा ग्रंथ १८९२ साली आला. रशिया आज ना उद्या हिंदुस्थानच्या दाराशी येणार, ही धास्ती त्याच्या मनात तेव्हा बसली ती शेवटपर्यंत गेली नाही. पुढचे प्रकरण समजायला ही धास्ती लक्षात ठेवावी लागते.

चाळिशीही गाठलेली नसताना तो व्हाइसरॉय झाला. १८९९ च्या जानेवारीत त्याने कारभार हाती घेतला, आणि वर्षभरातच आपल्याकडचे जुने लोक ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत तो आला. कर्झनच्या कारकिर्दीचा पाढा इथे वाचत नाही. १९०४ चा प्राचीन वास्तूंचा कायदा त्याने केला आणि पुराणवस्तू खात्यावर जॉन मार्शलला आणले, हे त्याचे मोठे काम. ते मोकळ्या मनाने मान्य करावे. त्याच वर्षी त्याने आणखी एक कायदा केला, तो मात्र कोणी फारसा आठवत नाही.

सरकारी गुपितांचा कायदा हिंदुस्थानात १८८९ पासून होता. त्याचा भर लष्कर आणि आरमार यांच्या गुपितांवर होता. कर्झनच्या सरकारने त्यात दुरुस्ती आणली आणि मुलकी कारभारातल्या कागदांनाही तोच कडक नियम लावायचे ठरवले. म्हणजे एखाद्या कचेरीतला कागद वर्तमानपत्रात छापून आला, तर कारकुनापासून संपादकापर्यंत सगळे संशयित. वरिष्ठ कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी डिसेंबर १९०३ मध्ये या विधेयकाला कसून विरोध केला. इंग्रज मालकांच्या वर्तमानपत्रांनाही ते रुचले नव्हते. थोडीफार काटछाट होऊन १९०४ साली कायदा झालाच. सरकारी कागद बाहेर जाणे म्हणजे राज्याशी दगा, असे मानणारा हा व्हाइसरॉय होता.

आणि त्याच्याच घरात गळती चालू होती. सरसेनापती लॉर्ड किचनेर १९०२ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लष्करी सभासद म्हणून दुसरा सेनाधिकारी बसतो आणि आपल्या सूचनांवर मत देतो, हे त्याला खपेना. वाद रीतसर कागदांवर चालला असता तर कर्झन हरला नसता. टिपणे लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण किचनेर खासगी पत्रे लंडनला धाडत राहिला. ती जात लेडी सॅलिसबरीकडे. तिचा नवरा पंतप्रधान बाल्फोरचा मामेभाऊ, त्यामुळे पत्रांतला मजकूर पंतप्रधानाच्या टेबलावर पोचत असे. टाइम्सच्या लष्करी बातमीदारापर्यंतही किचनेरची बाजू नेमकी जाई. कर्झनची खलित्यांतली बाजू तिथे पोचेपर्यंत निकाल ठरलेला असे. ऑगस्ट १९०५ मध्ये त्याने राजीनामा दिला. कारकुनांना आणि संपादकांना धाक घालणारा कायदा करणाऱ्याला सरसेनापतीची टपाल मात्र थांबवता आली नाही.

नंतरची दहा वर्षे अडगळीतच गेली. पहिल्या महायुद्धात तो पुन्हा वर आला, १९१६ साली लॉइड जॉर्जच्या छोट्या युद्धमंडळात बसला, आणि १९१९ साली परराष्ट्रमंत्री झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गुप्तवार्ता खात्यांची पुढची व्यवस्था लावण्यासाठी जी समिती नेमली तिचा अध्यक्ष कर्झनच होता. युद्धात परक्या देशांच्या सांकेतिक तारा उलगडणारी माणसे आरमाराकडे वेगळी आणि लष्कराकडे वेगळी होती. ती एकत्र करून शांततेच्या काळातही हे काम चालू ठेवावे, असे ठरले. त्यातून जी कचेरी उभी राहिली तिचा प्रमुख अ‍ॅलिस्टर डेनिस्टन. पंचवीसेक अधिकारी आणि जवळपास तेवढेच कारकून, एवढाच संसार. हीच कचेरी पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला गेली. १९२२ साली ती परराष्ट्र खात्याकडे, म्हणजे कर्झनच्याच हाताखाली आली.

या कचेरीतला सर्वांत वल्ली माणूस अर्न्स्ट फेटरलाइन. हा झारच्या पदरी सांकेतिक लिपी फोडणारा पहिल्या प्रतीचा तज्ज्ञ. क्रांतीनंतर रशियातून निसटून इंग्लंडला आला. झारने दिलेली माणकाची अंगठी बोटात असे. नव्या बोल्शेविक सरकारने झारच्या काळची यंत्रणा मोडून टाकली होती आणि त्यांच्या सुरुवातीच्या लिप्या कच्च्या होत्या. ज्या राजवटीने याला देशोधडीला लावले तिच्या तारा हा लंडनमध्ये बसून वाचत असे.

याची एक शाखा आपल्याकडेही होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२१ पासून सिमल्याला लष्कराच्या मुख्यालयात जॉन टिल्टमन नावाचा अधिकारी चार-पाच माणसांना घेऊन मॉस्को, ताश्कंद आणि काबूल यांच्यामधल्या रशियन तारा उलगडत होता. तारांतला मजकूर आपल्याच माणसांचा असे. मानवेंद्रनाथ रॉय ताश्कंदला हिंदी तरुणांना शिकवत होते. आपले पांडुरंग खानखोजे १९२१ साली मॉस्कोला जाऊन आले होते. काबूलमार्गे कोण येते, कोणाला पैसे मिळतात, यावर इंग्रजांचे डोळे होते. तेव्हा हे वाचताना आमची सहानुभूती दोन्हीकडे ओढली जाते, हे कबूल करतो. कारागिरी इंग्रजांची, आणि पकडले जाणार होते ते आपले लोक.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९२० च्या उन्हाळ्यात व्यापारी करारासाठी रशियन शिष्टमंडळ लंडनला आले होते. त्यांच्या तारांवरून दिसत होते की डेली हेरल्ड या मजूर पक्षाच्या बाजूच्या वर्तमानपत्राला मॉस्कोहून पैसा येतो आहे. कर्झन आणि चर्चिल यांचे म्हणणे, पुरावा जाहीर करा आणि यांना हाकला. आरमारी गुप्तवार्तेचा प्रमुख सिंक्लेअर, ज्याने खरे तर हात धरायचा, तोही जाहीर कराच म्हणाला. लॉइड जॉर्ज कचरत होता. शेवटी आठ तारा वर्तमानपत्रांना दिल्या, आणि त्या एका तटस्थ देशाकडून मिळाल्या असे भासवा असे सांगितले. टाइम्सने बातमीच अशी छापली की सरकारने पकडलेले बिनतारी संदेश हे आहेत! थोड्याच महिन्यांत रशियाने लिप्या बदलल्या. फेटरलाइन आणि मंडळींनी कष्ट करून त्याही उलगडल्या. म्हणजे एकदा वाचले.

१९२१ च्या सप्टेंबरात कर्झनने रशियाला कडक निषेधपत्र धाडले. या वेळी तारा वापरल्या नव्हत्या. हेरांनी आणलेल्या कागदांवर भिस्त होती. त्यातले बरेच कागद बर्लिनमध्ये तयार झालेले, बनावट निघाले. रशियाने उत्तरात एकेक चूक दाखवून दिली. ज्याला इराणचा आणि मध्य आशियाचा आपल्याइतका जाणकार कोणी नाही असे वाटे, त्याला बोल्शेविकांनी चारचौघांत खोटे पाडले. आमच्या मते पुढच्या चुकीचे मूळ इथे आहे. पुन्हा पत्र लिहीन तर असे लिहीन की नाकारता येणार नाही, हे त्याने मनाशी धरले असावे.

मधल्या काळात गुपित गुपित राहिले तर काय मिळते हेही त्याने अनुभवले. १९२२ च्या नोव्हेंबरात लोझानला तुर्कस्तानशी तहाची बोलणी सुरू झाली. समोर इस्मत पाशा. अंकाराहून त्याला काय हुकूम येतात, तो काय कळवतो, हे इंग्रज वाचत होते. पत्त्यांच्या डावात समोरच्याचे पान दिसावे तसा प्रकार. तिथे कर्झनने एक शब्द बाहेर काढला नाही.

आणि तीन महिन्यांत तोच कर्झन पाने टेबलावर उलटी टाकून मोकळा झाला. २ मे १९२३ च्या तारखेचे त्याचे पत्र ८ मेला मॉस्कोत देण्यात आले. इतिहासात त्याला कर्झनचा निर्वाणीचा खलिता म्हणतात. तक्रारी अनेक होत्या: पकडलेल्या मासेमारी बोटी, रशियात छळ झालेली इंग्रज माणसे, धर्मगुरूंवरचे खटले. पण जोर होता तो हिंदुस्थान, इराण आणि अफगाणिस्तान इथल्या चिथावणीवर. काबूलचा रशियन वकील रास्कोल्निकोव्ह आणि तेहरानचा शुम्यात्स्की यांनी मॉस्कोला पाठवलेल्या आणि तिकडून आलेल्या तारांतला मजकूर त्याने पत्रात जसाच्या तसा, तारखांसह उतरवला. वर, हा मजकूर तुमच्या परराष्ट्र खात्याला नक्कीच ओळखीचा वाटेल, अशा अर्थाचा टोमणाही मारला. मुदत दहा दिवस.

मजकूर जसाच्या तसा देण्यात एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. आम्ही बँकेत लागलो तेव्हा एका गावाहून दुसऱ्या गावी पैसे तारेने जात. टी. टी. म्हणत त्याला. तार खरी की बनावट हे ठरवायला तीत एक गुप्त आकडा असे. तो काढायचे पुस्तक तिजोरीत, अधिकाऱ्याच्या ताब्यात. एका शाखेत पैसे जमा व्हायला उशीर झाला म्हणून एक बडा खातेदार साहेबांवर चढला. साहेबांनी आपली बाजू पटवण्यासाठी पुस्तक त्याच्यासमोर उघडले आणि तारेतला आकडा कसा जुळत नाही ते बोट ठेवून दाखवले. खातेदार शांत झाला, चहा पिऊन गेला. गोष्ट वर कळली तेव्हा ते पुस्तक रद्द करून सगळ्या शाखांना नवी पुस्तके पाठवावी लागली. त्या खातेदाराने काही गैर केले असते असे नव्हे. पण पुस्तक उघडले गेले होते.

मॉस्कोतल्या माणसाला तर पुस्तकाचीही गरज नव्हती. त्याच्या दप्तरात मूळ तार होती आणि हातात कर्झनचे पत्र. दोन्ही शेजारी ठेवले की अमुक तारखेची, अमुक वकिलातीची, अमुक लिपीतली तार फुटली हे कळते, आणि किती दिवसांत फुटली याचाही अंदाज येतो. म्हणून या धंद्यातला नियमच असा की गुप्त मार्गाने कळलेली गोष्ट सांगायचीच असेल तर शब्द बदलून, दुसऱ्या कुठल्या वाटेने कळली असे दाखवून सांगायची. कर्झनला हे ठाऊक नव्हते म्हणवत नाही. ती कचेरी उभारणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता तो.

आणखी एक योग पाहा. हिंदुस्थानातला सरकारी गुपितांचा नवा, अधिक कडक कायदा २ एप्रिल १९२३ रोजी झाला. त्याला कर्झनचा हात लागलेला नाही, पण १९०४ चीच वाट त्याने पुढे नेली. बरोबर एका महिन्याने कर्झनच्या पत्राची तारीख पडते. सिमल्याच्या कचेरीतल्या एखाद्या कारकुनाने ही तार बाहेर दिली असती तर तो तुरुंगात गेला असता. परराष्ट्रमंत्र्याने दिली तेव्हा त्याला मुत्सद्देगिरी म्हणाले.

आणि विजय मिळालाच की. रशियाला व्यापार हवा होता. त्यांनी नुकसानभरपाई मान्य केली, प्रचार आवरण्याचे वचन दिले, रास्कोल्निकोव्ह काबूलहून गेला. कर्झनला हे आपले मोठे यश वाटले. रशियाने मुकाट्याने लिप्या बदलल्या. कचेरीचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आणि काही काळाने थोडाफार मजकूर पुन्हा वाचताही येऊ लागला. दुसऱ्यांदा वाचले.

त्याच मे महिन्यात कर्झनच्या आयुष्यातला सर्वांत कडू दिवस आला. पंतप्रधान बोनार लॉ आजारपणामुळे २० तारखेला पायउतार झाला. आता आपलीच पाळी, अशी कर्झनची खात्री. तो मॉन्टक्यूटच्या घरी होता, तिथे टेलिफोन नव्हता. राजाच्या चिटणिसाची तार आली तेव्हा बोलावणे त्याचसाठी असे समजून तो २२ तारखेला लंडनला निघाला. तिथे कळले की राजाने स्टॅन्ली बाल्डविनला निवडले. कर्झन उमरावांच्या सभागृहात होता, हे मुख्य कारण. राजाला सल्ला देणाऱ्यांत बाल्फोर होता. १९०५ साली किचनेरची पत्रे ज्याच्या टेबलावर पोचत तोच. असे म्हणतात की कर्झन रडला. पण बाल्डविनच्या हाताखाली परराष्ट्रमंत्री म्हणून काम करायला त्याने नकार दिला नाही. त्या शरद ऋतूत फ्रेंच वकिलातीच्या तारा वाचताना त्याला कळले की आपल्याला त्या जागेवरूनही हलवायची खटपट एक इंग्रज संपादक फ्रेंचांशी संगनमत करून करतो आहे. दुसऱ्यांची टपाल वाचण्याचा हा प्रसाद. १९२४ च्या जानेवारीत सरकारच गेले. २० मार्च १९२५ रोजी, सहासष्टाव्या वर्षी, शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी कर्झन वारला. केडलस्टनच्या चर्चमध्ये पहिली बायको मेरीच्या शेजारी त्याला ठेवले.

तिसरी वेळ त्याने पाहिली नाही. १२ मे १९२७ रोजी लंडनच्या पोलिसांनी आर्कोस या रशियन व्यापारी कंपनीच्या कचेरीवर छापा घातला. एक हरवलेला लष्करी कागद शोधायचा होता. तो सापडला नाही. एवढा गाजावाजा करून हात रिकामे, आता पार्लमेंटला काय सांगायचे? बाल्डविन कर्झनसारखा तापट नव्हता, सावध म्हणून त्याचा लौकिक. पण समोर वाट होती, आणि ती कर्झनने मळवून ठेवली होती. २४ मे रोजी पंतप्रधान बाल्डविनने कॉमन्समध्ये उभे राहून रशियन वकिलातीच्या उलगडलेल्या तारा वाचून दाखवल्या. त्यापाठोपाठ रशियाशी संबंध तुटले.

या खेपेला मॉस्कोने नुसती लिपी बदलली नाही. त्यांनी एकदाच वापरायच्या आकड्यांच्या वह्या आणल्या: दोन्ही टोकांना सारखी वही, पानावर कसलीही संगती नसलेले आकडे, एक पान एका तारेला, आणि काम झाले की पान जाळायचे. नीट वापरली तर ही पद्धत कोणाही बुद्धिमान माणसाला फोडता येत नाही. आपल्या मंत्र्यांनीच आपले काम उघडे पाडले, ही खंत डेनिस्टनने पुढे लिहून ठेवली आहे. लंडनच्या त्या कचेरीत मॉस्कोच्या तारा येतच राहिल्या. त्यांतल्या महत्त्वाच्या तारा पुढची कित्येक वर्षे कोणाला वाचता आल्या नाहीत.